निबंध मंजूर, व्हिसा नामंजूर!
शोधनिबंध निवडला गेला, पण व्हिसाच मिळाला नाही. २०१८मध्ये कॅनडातल्या माँट्रियलला भरलेल्या ‘न्यूरिप्स’ या एआय परिषदेच्या वेळी अनेक आफ्रिकी संशोधकांच्या वाट्याला हेच आलं. २०२२मध्ये त्याच शहरातल्या जागतिक एड्स परिषदेतही तेच. ज्या खंडाला एचआयव्हीचा सर्वाधिक फटका बसला, तिथलेच कित्येक प्रतिनिधी बाहेर!

अडचण कुठे? न्यूरिप्सचा निकाल साधारण सप्टेंबरमध्ये लागतो, परिषद डिसेंबरमध्ये. तेवढ्यात निमंत्रणपत्र, बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंट सगळं जमवायचं. युरोपात परिषद असेल तर शेंगेन व्हिसाचे ९० युरो भरायचे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाहीत.

ऑनलाइन लिंक दिली की झालं, असं आयोजकांना वाटतं. पण ओळखी होतात, पुढची कामं जुळतात ती चहाच्या टेबलावर. त्यामुळे खरा उपाय ठिकाण बदलण्याचा. ‘आयसीएलआर’ ही एआय परिषद २०२३मध्ये रवांडातल्या किगालीत झाली. तिथे कोणत्याही देशाच्या नागरिकाला पोहोचल्यावर व्हिसा मिळतो. राष्ट्रकुलातले म्हणून भारतीयांना तर ३० दिवसांपर्यंत शुल्कही नाही.

शहर निवडताना हॉटेलं आणि विमानतळ पाहतात, तसे व्हिसाचे नियमही पाहावेत. तोवर निदान निमंत्रणपत्र तरी निबंध स्वीकारल्याच्या मेलसोबतच पाठवा.