चाकांवरच्या घरातील वीज

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले, तेव्हा अनेकांना ती श्रीमंतांची चैन वाटली. आज तसे म्हणता येणार नाही. वेरूळ आणि अजिंठा ही १९८३ पासून जागतिक वारसा ठरलेली स्थळे आपल्या जिल्ह्यात आहेत. लोणारचे सरोवर एका दिवसाच्या प्रवासात गाठता येते. आणि ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाल्यापासून हे शहर नागपूर-मुंबई प्रवासाचे मधले ठाणे बनले आहे. शिवाय हे वाहनउद्योगाचे शहर. पत्रा, वेल्डिंग, वायरिंग जाणणारे हात येथे विपुल आहेत. जुनी प्रवासी गाडी घ्यावी, आसने काढून बिछाना व ओटा बसवावा, आणि दिवे, पंखा व छोट्या फ्रिजसाठी बॅटरीवर इन्व्हर्टर जोडावा, हा उद्योग आता नोकरदार माणसाच्याही आवाक्यात येऊ लागला आहे.

या हौसेला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु तिच्या शेवटच्या कलमाचा, म्हणजे इन्व्हर्टरचा, जितका विचार व्हावयास हवा तितका होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याने त्यांचा अंत झाला होता. या विषारी वायूला रंग नाही, गंध नाही. ज्या गाडीत माणसे झोपतात, तेथे धूर ओकणाऱ्या जनरेटरपेक्षा बॅटरी आणि इन्व्हर्टर हाच शहाणपणाचा मार्ग होय, यात शंका नाही. मात्र एक धोका टाळताना दुसरा घरात घेतला जाऊ नये.

आपल्या अडचणीचे मूळ आपल्या परिचयात आहे. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घरांतून इन्व्हर्टर आला आणि जिन्याखाली कायमचा बसला. त्यामुळे ‘त्यात काय बसवायचे?’ असा समज रूढ झाला. पण घराची फरशी हलत नाही, भिंत जळत नाही आणि खोलीला खिडक्या असतात. गाडीत याच्या नेमके उलट असते. प्रत्येक खड्ड्यागणिक नट-बोल्ट सैल होतात, तारा पत्र्याच्या कडेवर घासतात, भिंती प्लायवूड आणि फोमच्या असतात, आणि हातभर अंतरावर गॅसची टाकी असते.

थोडा हिशेब केला तर प्रश्नाचे स्वरूप ध्यानात येईल. घरातील २३० व्होल्टच्या जोडणीवर एक हजार वॅटचे उपकरण साडेचार अँपिअरहूनही कमी प्रवाह घेते. तेच उपकरण १२ व्होल्टच्या बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत चालवले, तर इन्व्हर्टरमधील घट धरून बॅटरीतून सुमारे ९३ अँपिअर वाहतात. प्रवाह वीसपट झाला की त्याच तारेतील उष्णता वीसपट होत नाही, ती वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चारशे पटींहून अधिक वाढते. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दोन मीटर आहे, आणि जाण्या-येण्यासाठी सहा चौरस मिलिमीटरची तार वापरली आहे, असे समजू. पूर्ण भारावर त्या तारांतच शंभर वॅटहून अधिक उष्णता निर्माण होईल आणि एका व्होल्टहून अधिक दाब वाटेतच हरवेल. पस्तीस चौरस मिलिमीटरची तार घातली, तर हीच उष्णता वीस वॅटांच्या आसपास राहते. प्लायवूडच्या आड, सरकारी शाळेच्या वर्गातील दिव्याहूनही अधिक तापणारी वस्तू आपण लपवून ठेवतो, आणि तिच्यावर गादी टाकून मुलांना निजवतो.

म्हणून पहिला नियम तारेचा: इन्व्हर्टर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ आणि तार जाड. दुसरा नियम फ्यूजचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात योग्य क्षमतेचा फ्यूज असलाच पाहिजे. फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः तो तारेच्या रक्षणासाठी असतो. तार कोठेतरी घासून पत्र्याला टेकली, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतू लागते. फ्यूज इन्व्हर्टरच्या टोकाला बसवला असेल, तर मधली सगळी तार अनाथच राहते.

तिसरा नियम हवेचा. शिसे-आम्लाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. अशी बॅटरी आणि ठिणगी पाडू शकणारा इन्व्हर्टर एकाच बंद पेटीत कोंडणे हा अविचार होय. बॅटरीच्या पेटीला गाडीबाहेर उघडणारा वायुमार्ग हवा. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने गळती झाल्यास तो तळाशी साचतो; तेव्हा इन्व्हर्टर टाकीच्या कप्प्यात किंवा तिच्या शेजारी जमिनीलगत नको. लिथियमची बॅटरी घेतल्यास तिची स्वतःची संरक्षक यंत्रणा असावी आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून ती योग्य चार्जरमार्फतच भरावी. अन्यथा बॅटरी अधाशासारखा प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर जळतो.

चौथा नियम माणसाच्या देहाचा. इन्व्हर्टरमधून बाहेर पडणारी वीज घरातल्याइतकीच जीवघेणी असते. इन्व्हर्टरचे कवच गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असावे आणि गळती ओळखून पुरवठा तोडणारा तीस मिलिअँपिअरचा स्विच बसवलेला असावा. मात्र तो नुसता बसवून भागत नाही. पुष्कळ स्वस्त इन्व्हर्टरमध्ये न्यूट्रल सांगाड्याशी जोडलेला नसतो, आणि तसे असेल तर हा स्विच प्रसंगी हलतही नाही. मुक्कामाच्या जागी बाहेरून वीज घ्यावयाची, तर ती आणि इन्व्हर्टरची वीज कधीही एकत्र येणार नाही असा चेंजओव्हर स्विच हवा.

हौशी मालकाने अपेक्षाही मापून घ्याव्यात. शंभर अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीतून, तिचे आयुष्य राखायचे तर, सहाशे वॅट-तासांच्या आसपासच वीज काढावी. पन्नास वॅटचा पंखा त्यावर रात्रभर चालेल. एक टनाचे वातानुकूलन यंत्र ती अर्ध्या तासात संपवील. वैशाखातील मराठवाड्यात बंद उभ्या गाडीच्या आतील ताप बाहेरच्याहून कितीतरी चढतो, आणि तापलेला इन्व्हर्टर आपली पूर्ण शक्ती देत नाही, हेही हिशेबात धरावे.

आता प्रश्न असा की, एवढ्या साध्या गोष्टी का पाळल्या जात नाहीत? कारागीर अडाणी आहेत म्हणून, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते अन्यायाचे ठरेल. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला. पुढे २००१ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटाही मिळाला. विक्रेत्याला मालाचा कस ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. ग्राहक सर्वच मालाला मध्यम भाव देऊ लागतो. आणि त्या भावात चांगला माल परवडेनासा होऊन बाजाराबाहेर जातो. गाडीच्या वायरिंगला हे तंतोतंत लागू पडते. गादीचे कापड, ओट्याचा रंग ग्राहकाला दिसतो. प्लायवूडमागची तार सहा मिलिमीटरची की पस्तीसची, हे त्याला दिसत नाही. जो कारागीर जाड तांबे आणि चांगला फ्यूज वापरतो, त्याचा भाव चढा ठरतो आणि काम शेजारच्याला मिळते. असा बाजार प्रामाणिकपणाला दंड करतो.

कायदा अगदीच मुका नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंतचा कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. मोटर कॅरॅव्हॅनसाठी वाहनउद्योगाचे १२४ क्रमांकाचे मानकही आहे. पण गाडी पकडून दंड केल्याने तार जाड होत नाही. शिक्षेच्या भीतीने काम अधिक अंधारात जाते, एवढाच त्याचा परिणाम.

येथे ‘परवानाराज’ नको, असा आक्षेप निघेल. तो अस्थानी नाही. म्हणूनच आमची सूचना मर्यादित आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वाहनातील वायरिंग आणि इन्व्हर्टर-जोडणीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम सुरू करावा. तो पूर्ण करणाऱ्याने प्रत्येक कामानंतर तारेची जाडी, फ्यूजची क्षमता व जागा, वायुमार्ग आणि गळती-स्विचची चाचणी यांची एकपानी नोंद सही करून मालकाला द्यावी. परिवहन कार्यालयाने आणि विमा कंपनीने ती नोंद मागावी. अदृश्य तार अशी कागदावर दिसू लागली, की ग्राहक चांगल्या कामाला चांगला भाव देईल आणि या शहरातील कुशल हातांना नवा, सन्मानाचा व्यवसाय मिळेल.

फ्यूज आणि जाड तारेचा खर्च बॅटरी-इन्व्हर्टरच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तोवर, म्हणजे शासनाला जाग येईतो, गाडी घेणाऱ्याने किंवा भाड्याने ठरवणाऱ्याने एक तरी प्रश्न विचारावा: बॅटरीजवळचा फ्यूज दाखवा. तो दाखवता आला नाही, तर त्या गाडीत मुलाबाळांसह रात्र काढू नये.