‘स्लाव्ह’ आणि ‘स्लेव्ह’

इंग्रजी ‘स्लेव्ह’, फ्रेंच ‘एस्क्लाव्ह’, जर्मन ‘स्क्लाव्हे’, इटालियन ‘स्कियाव्हो’ हे गुलामवाचक शब्द एका ओळींत मांडून कोणी विद्वान जेव्हां म्हणतो कीं, स्लाव्ह लोक हे मूळचेच गुलाम, त्यांचें नांवच तशी साक्ष देतें, तेव्हां व्युत्पत्तिशास्त्राच्या नांवाखालीं केवढा अन्याय होतो आहे हें सुशिक्षित वाचकांच्याहि ध्यानांत येत नाहीं. या कोटिक्रमांत कार्याला कारण ठरविलें आहे.

ज्या रोमन लोकांनीं लक्षावधि गुलाम राबविले, त्यांच्या भाषेंत गुलामाला ‘सेर्व्हुस’ म्हणत. पुढें मध्ययुगांत पूर्व युरोपांतील स्लाव्ह स्त्रीपुरुषांना पकडून विकण्याचा धंदा इतका फोफावला कीं, त्यांचें ‘स्क्लाव्हुस’ हें जातिनामच विकाऊ मनुष्याला चिकटलें. ख्रिस्ती मनुष्य विकणें निंद्य, अख्रिस्ती स्लाव्ह विकणें मात्र व्यापार! स्पेनमधील अरबी दरबारांतहि ‘सकालिबा’ या जातिनामाची हीच गत झाली. कांहीं पंडित या शब्दाचें मूळ लुटीच्या अर्थाच्या एका ग्रीक धातूंत शोधतात. तें मानलें तर आमच्या विद्वानांच्या पायांखालची जमीनच सरकते.

बरें, हे लोक स्वतःला काय म्हणवीत? ‘स्लोव्हेने’. पुष्कळ भाषाशास्त्रज्ञ या नांवाचा संबंध ‘स्लोवो’ म्हणजे ‘शब्द’ याच्याशीं लावतात. ज्यांची बोली आपणांस कळते ते आपले. (शेजारच्या जर्मनाला रशियन मनुष्य अजूनहि ‘मुका’ या अर्थाच्या शब्दावरून ‘नेमेत्स’ म्हणतो, तेव्हां नांवें ठेवण्यांत तेहि मागें नाहींत.) ‘स्लोवो’चा धातु आणि आमचा ‘श्रु’ धातु सहोदर आहेत. म्हणजे ज्यांना जन्मजात दास म्हणावयाचें, त्यांचें नांव आमच्या ‘श्रुति’च्या गोत्रांतलें निघतें!

ही खोड नवी नाहीं. दहाव्या शतकांत बायझंटाईन सम्राट सातव्या कॉन्स्टंटाईनानें ‘सर्ब’ हें नांव ‘सेर्व्हुस’पासून काढून ते रोमन सम्राटाचे गुलाम असल्याचें लिहून ठेवलें. राजाला ही व्युत्पत्ति सोयीची होती, एवढेंच तिचें प्रामाण्य.

नांवावरूनच स्वभाव ठरवावयाचा असेल, तर या विद्वानांनीं आधीं व्हेनिसकडे वळावें. तेथील लोक ‘मी आपला दास’ या अर्थानें जो शब्द अभिवादनास वापरीत, तोच ‘स्कियाव्हो’चा तेथील उच्चार, तो झिजून ‘चाओ’ झाला, आणि आज बर्लिनपासून माद्रिदपर्यंत लोक निरोप घेतांना तो हंसतमुखानें उच्चारतात. त्यांना अद्याप कोणी गुलाम म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.