चव्हाट्यावर आणा, पण निकाल तिथंच लावू नका : हैदराबादच्या प्रकरणांतून काय शिकायचं?

हैदराबादेत एखादी गोष्ट सोशल मीडियावर पेटली की तिचे चटके देगलूर, उदगीर, बिदर, किनवट, आदिलाबादपर्यंत जाणवतात. दवाखाना, शिक्षण, नोकरी, सोयरीक या ना त्या कारणानं सीमाभागातल्या अर्ध्याअधिक घरांचा त्या शहराशी संबंध आहे. मोबाईलमध्ये तिथले ग्रुप असतातच. त्यामुळे तिथं कुणाला चव्हाट्यावर आणलं जातं आणि त्यानंतर काय घडतं, हा प्रश्न आपलाही आहे.

आधी चांगलं उदाहरण घेऊ. जुलै २०२४ मध्ये एका तेलुगू यूट्यूबरनं बाप-लेकीच्या व्हिडिओवर अत्यंत घाणेरडी शेरेबाजी केली. सोबतचे हसत होते. अभिनेते साई धरम तेज यांनी 'एक्स'वर त्याला जाब विचारला आणि दोन्ही तेलुगू राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना टॅग करून कारवाईची मागणी केली. तेलंगणाचे उपमुख्यमंत्री भट्टी विक्रमार्क यांनी त्याची दखल घेतली. पोक्सोसह गुन्हा नोंद झाला आणि तीन-चार दिवसांत तेलंगणा सायबर सिक्युरिटी ब्युरोनं त्याला बंगळुरूतून पकडलं. लोकांनी आवाज उठवला, यंत्रणा हलली आणि पुढचं काम कोर्टाकडे गेलं.

दुसरं उदाहरण बेटिंग अॅपचं. २०२५ च्या सुरुवातीला आयपीएस अधिकारी व्ही. सी. सज्जनार यांनी 'एक्स'वर मोहीमच उघडली. तेव्हा ते तेलंगणाच्या एसटी महामंडळाचे, म्हणजे आरटीसीचे प्रमुख होते. सट्ट्याच्या अॅपची जाहिरात करणाऱ्या इन्फ्लुएन्सरना ते जाहीरपणे जाब विचारू लागले. तेलंगणात ऑनलाइन सट्ट्यावर २०१७ पासूनच बंदी आहे, तरी जाहिराती राजरोस चालू होत्या. मार्चमध्ये पंजागुट्टा आणि मियापूर पोलिसांनी गुन्हे नोंदवले. मियापूरच्या एफआयआरमध्ये तर सिनेमा आणि यूट्यूबवरचे पंचवीस जण होते. सरकारनं एसआयटी नेमली, ईडीही उतरली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला. त्यामागे इतर राज्यांचे अनुभवही होते, पण हैदराबादच्या बोंबेचा त्यात वाटा नव्हता असं म्हणता येणार नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. हेच सज्जनार २०१९ मध्ये सायबराबादचे पोलीस आयुक्त होते. २७ नोव्हेंबरच्या रात्री शमशाबादच्या टोलनाक्याजवळून एका तरुण पशुवैद्यक डॉक्टरला नेऊन तिच्यावर अत्याचार झाला, तिचा खून झाला. देश हादरला. त्या संतापात तेव्हा दोन मागण्या होत्या, हे आज फार कुणाला आठवत नाही.

पहिली मागणी होती पोलिसांना जाब विचारण्याची. मुलगी बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन घरचे गेले, तेव्हा हद्दीच्या वादात मोलाचा वेळ गेला. ओरड झाली आणि एक उपनिरीक्षक व दोन हेड कॉन्स्टेबल निलंबित झाले. 'झिरो एफआयआर', म्हणजे हद्द कुठलीही असो, जवळच्या ठाण्यानं तक्रार घ्यायचीच, हा विषय घरोघरी पोहोचला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ही तरतूद थेट कायद्यातच आली.

दुसरी मागणी होती, "आत्ताच्या आत्ता संपवा त्यांना." ६ डिसेंबरच्या पहाटे चटनपल्लीजवळ चारही संशयित पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली, पेढे वाटले. दुसऱ्याच दिवशी तेव्हाचे सरन्यायाधीश, नागपूरचे शरद बोबडे यांनी बजावलं की न्याय तडकाफडकी होत नसतो आणि सूड झाला की तो न्याय राहत नाही. त्यांच्या खंडपीठानं चौकशी आयोग नेमला. अध्यक्ष होते सुप्रीम कोर्टाचे माजी न्यायमूर्ती, आपल्या विदर्भाचे विकास सिरपूरकर.

मे २०२२ मध्ये आयोगाचा अहवाल उघड झाला. चकमकीची पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, असं त्यात म्हटलं होतं. त्या दहांत सज्जनार नव्हते. ठार झालेल्या चौघांपैकी तिघे तेव्हा अल्पवयीन होते, असाही निष्कर्ष होता. प्रकरण तेलंगणा हायकोर्टात गेलं, पोलिसांनी अहवालाला आव्हान दिलं.

या सगळ्यात हरलं कोण? 'न्याय झाला' असं लाखो लोकांनी लिहिलं, पण त्या मुलीच्या खुनाचा खटला चाललाच नाही. पुरावे तपासले गेले नाहीत, साक्षी झाल्या नाहीत, कुठल्याही कोर्टानं गुन्हेगार कोण हे ठरवलं नाही. तिच्या आई-वडिलांच्या हातात निकालाचा कागद कधीच पडणार नाही. वर, पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा असतानाही तिचं नाव आणि फोटो घेऊन हॅशटॅग फिरत राहिले. शेवटी पोलिसांनाच 'दिशा' हे नाव वापरा, असं सांगावं लागलं.

आणि हे फक्त महानगरातलं नाही. १३ जुलै २०१८ ला बिदर जिल्ह्याच्या औराद तालुक्यात, मुरकी गावात जमावानं हैदराबादच्या एका तरुण इंजिनियरला ठार केलं. मित्रांसोबत फिरायला आलेल्यांनी मुलांना चॉकलेट दिलं, 'पोरं पळवणारे आले' असा मेसेज ग्रुपवर पडला, पुढच्या गावात रस्ता अडवला गेला. त्याच महिन्याच्या १ तारखेला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकऱ्यांचा असाच जीव गेला होता. मेसेज टाकणाऱ्याला आपण गावाचं रक्षणच करतोय असं वाटलं असेल. मुरकीच्या प्रकरणात ग्रुप अॅडमिनलाही अटक झाली.

चारही प्रकरणं शेजारी ठेवली तर फरक कशात आहे ते दिसतं. राग सगळीकडे खराच होता. जिथं 'गुन्हा नोंदवा, चौकशी करा' अशी मागणी होती, तिथं काम झालं. जिथं लोकांनीच शिक्षा ठरवून टाकली, तिथं माणसं मेली आणि सत्य कायमचं गाडलं गेलं.

म्हणून आवाज उठवायचा तो उठवाच. गप्प बसलं तर हद्दीच्या वादात तक्रारी अशाच लोंबकळतील, आणि सीमाभागाला हद्दीचा वाद काय असतो हे कुणी शिकवायला नको. पण पोस्ट टाकायच्या आधी ठाण्यात लेखी तक्रार द्या, 'हद्द आमची नाही' म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच १९३० वर फोन करा. मग तक्रारीचा क्रमांक टाकून अधिकाऱ्याला टॅग करा आणि महिन्यानं पुन्हा विचारा, "साहेब, त्याचं काय झालं?" पीडितेचं नाव, फोटो, गाव टाकू नका. आणि अनोळखी माणसाचा फोटो 'याला ओळखा, दिसला की धरा' म्हणून आला, तर तो पुढं ढकलण्याआधी मुरकी आठवा. तिथंही सुरुवात एका मेसेजनंच झाली होती.