शंभर यार्डांच्या आत

दरवर्षी २६ जून हा अमली पदार्थविरोधी दिन आपल्या तालुक्याच्या गावांतून नेमाने पाळला जातो. शाळा नुकत्याच उघडलेल्या असतात. प्रभातफेरी निघते, घोषणा होतात, मुले हात पुढे करून शपथ घेतात आणि पाहुण्यांचे भाषण आटोपले की घरी जायला निघतात. फाटकाबाहेर त्यांना प्रथम दिसते ती पानटपरी. तिच्यावर लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा सकाळच्या भाषणाहून अधिक बोलक्या असतात.

कायद्याची उणीव आहे असे कोणाला म्हणता येणार नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलाला तर ती कोठेच करता येत नाही. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मुलांच्या हाती दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याने सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. परंतु व्यवहारात, कारवाई झालीच तर ती बहुधा तंबाखू कायद्याखाली होते आणि तेथे दंडाची मर्यादा आहे अवघी दोनशे रुपये. टपरीवाला तो भरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माळा टांगतो. शिक्षक, पालक, नगरसेवक सारे त्याच रस्त्याने जातात. कोणी काही बोलत नाही.

या मौनाची किंमत कोवळी मुले मोजतात. २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के मुले तंबाखूचे कोणते ना कोणते सेवन करीत असल्याचे आढळले. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, तंबाखू चघळणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी तिची चव वयाच्या दहाव्या वर्षापूर्वीच घेतली होती. म्हणजे नववीच्या वर्गात आपण जे व्याख्यान ठेवतो, ते काहींच्या बाबतीत पाच वर्षे उशिरा झालेले असते. खर्रा, मावा यांपासून सुरू झालेली वाट पुढे दारू, व्हाइटनर वा खोकल्याच्या औषधाकडे वळणारच असे नाही. परंतु वळली तर ती याच नाक्यावरून वळते.

मग करावे काय? आइसलँडचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. साऱ्या देशाची वस्ती चार लाखांच्या आत, आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. तेथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागील महिन्यात दारूची झिंग अनुभवल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आले. या काळात त्यांनी मुलांना उपदेश करण्यावर भर दिला नाही. शाळाशाळांतून नियमित पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष गावापुढे ठेवले. खेळ, संगीत, कला यांसाठी सार्वजनिक पैसा दिला. रात्री मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहावे याचा नियम पाळला आणि पालक स्वतः रस्त्यांवर फेरी मारू लागले.

तो देश श्रीमंत आहे, त्याचे आम्हाला काय, असे कोणी म्हणेल. त्यांनी गडचिरोलीकडे पाहावे. तेथे लोकांच्या चळवळीमुळे १९९३ मध्ये दारूबंदी आली. पण नुसत्या बंदीने भागत नाही हेही तेथेच दिसले. म्हणून २०१६ मध्ये शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची 'सर्च' संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी 'मुक्तिपथ' अभियान हाती घेतले. त्यात गावोगावच्या संघटना, शाळांतील प्रबोधन, व्यसनोपचार आणि कायद्याची अंमलबजावणी ही कामे एकत्र गुंफलेली आहेत. गरीब, दुर्गम जिल्ह्याला जे सुचले, ते सुस्थितीतील तालुक्याच्या गावांना सुचू नये काय?

टपरीवाल्याच्या पोटाचा प्रश्न अर्थातच खरा आहे. त्याला हुसकावून लावण्यापेक्षा शाळेजवळ वह्या-पेन, चहा-वडा विकण्यास शाळा व्यवस्थापन समितीने आणि नगरपरिषदेने साह्य करावे. सायंकाळी पाच ते आठ हा वेळ मुलांचा सर्वांत मोकळा आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचा. नेमक्या त्याच वेळी शाळेचे मैदान कुलूपबंद असते. मैदानाचे फाटक उघडे ठेवणे, वाचनालयात मुलांसाठी एक टेबल राखणे, व्यायामशाळेत एक जाणता माणूस बसवणे यासाठी फार मोठी रक्कम लागत नाही. पाळीने तास-दीड तास देणारी दहा-बारा माणसे लागतात.

जो मुलगा या वाटेवर गेला आहे त्याचे नाव हजेरीपटावरून कमी करणे, हा मात्र उपाय नव्हे. शाळेने टाकलेल्या मुलाला टपरी तत्काळ जवळ करते. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही दृष्टी पुण्याच्या 'मुक्तांगण'ने १९८६ पासून महाराष्ट्राला दिली. शाळांनीही ती आता अंगी बाणवावी.

शेवटी एक अप्रिय गोष्ट. कचेरीच्या जिन्यातील कोपरे कोणी रंगवले, मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत चुन्याची डबी कोणाच्या खिशातून निघते, हे मुलांना आपल्याहून चांगले ठाऊक असते. सकाळी शपथ देणारा हात दुपारी तंबाखू मळत असेल, तर मुले त्यातील कोणता धडा गिरवतील? शंभर यार्डांचे अंतर मोजायचेच असेल, तर ते फाटकापासून नव्हे, आपल्या स्वतःच्या खिशापासून मोजायला सुरुवात केली पाहिजे.