इसबाला पित्ताची गोळी कशाला?

अंगाला खाज सुटली की औषध दुकानातून सेटिरिझिन किंवा अ‍ॅव्हिल आणायची, ही सवय कोल्हापुरातही रुजली आहे. अंगावर पित्त उठले असेल तर ती योग्यच. त्या गांधींमागे मुख्यतः हिस्टामिन असते आणि गोळी नेमके त्यालाच अडवते. वर्षानुवर्षे छळणाऱ्या इसबाचे तसे नाही. तिथे त्वचेचा संरक्षक थर कमकुवत झालेला असतो आणि खाज पेटवतात ती इंटरल्यूकिन ४, १३ व ३१ ही प्रथिने. म्हणूनच अमेरिकन त्वचारोग अकादमीने २०१४ साली स्पष्ट केले की, इसबाच्या नेहमीच्या उपचारात या गोळ्या सुचवण्याइतका पुरावा नाही.

गोळी स्वस्त आहे आणि तिने निदान झोप तरी लागते, असे कुणी म्हणेल. खाजेने रात्र रात्र जागणाऱ्याला थोडे दिवस गुंगीच्या गोळीचा आधार मिळतो, हे मान्य. पण ती गुंगी सकाळी उतरतेच असे नाही, आणि शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराला ती महागात पडू शकते. शिवाय गोळीच्या भरवशावर खरा उपचार लांबतो. तो आहे रोजचे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी ठरवलेले, ठरावीक काळापुरते स्टेरॉइड मलम. हे मलम मनाने लावू नये. इसब समजून ते नायट्यावर चोळले तर नायटा पसरतो. खाज सहा आठवड्यांहून जास्त टिकली असेल, तर पुढची पट्टी विकत घेण्याआधी सीपीआर रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवून या.