टाचेखालचा रहाट

मुलांनो, परभणीहून परळीकडे रेल्वेने निघालात की वाटेत 'पोखर्णी नृसिंह' स्टेशन लागतं. गाव प्रसिद्ध आहे ते नृसिंहाच्या मंदिरामुळे. हा सगळा मुलूखच पायी चालणाऱ्यांचा. शेगावची गजानन महाराजांची पालखी आषाढीला परभणी, गंगाखेड करत पंढरपूरला जाते, तीही पायीच!

समजा, तुमचं घर पोखर्णीत आहे. सकाळी आई उठते, फरशीवर पहिलं पाऊल टेकवते आणि "आई गं!" म्हणत भिंत धरते. दहा-वीस पावलं चालली की कळ कमी होते. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, टाचेचं हाड वाढलंय." खरंच तसं असतं का?

आधी एक गंमत करा. अनवाणी उभे राहा आणि मित्राला तुमच्या पायाचा अंगठा हाताने वर उचलायला सांगा. तळव्याची कमान आपोआप उंच होते! तळव्यात टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. बोटं वर वळली की विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळावा तसा तो ताणला जातो आणि कमान उचलली जाते. हिक्स या शास्त्रज्ञाने १९५४ साली पायाला ही रहाटाचीच उपमा दिली. एका पायात २६ हाडं, आणि त्यांना बांधून ठेवणारा हा दोर!

सतत उभं राहणं, कडक फरशी, पातळ चप्पल, वाढलेलं वजन यांनी हा पट्टा टाचेपाशी दुखावतो. रात्री पाऊल सैल पडतं, पट्टा आखडतो. सकाळच्या पहिल्या पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून कळ येते. हाड वाढलेल्या कितीतरी माणसांची टाच मुळीच दुखत नाही. म्हणजे चोर बहुधा दुसराच!

त्या चोराचा एक साथीदार म्हणजे आखडलेली पोटरी. ती ताठ असली की घोटा पुढे वाकत नाही आणि चालताना सगळा ताण तळव्यावर येतो. तुमचा घोटा किती वाकतो? टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसून बघा. टाचा उचलल्या जात असतील तर पोटरी ताठ असू शकते.

आईला दोन व्यायाम शिकवा. अंथरुणातून उतरण्यापूर्वी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं हाताने नडगीकडे ओढायची, दहा आकडे मोजायचे. असं दहा वेळा. दुसरा, भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर ठेवून पुढे झुकायचं. हिसके मात्र द्यायचे नाहीत. गुण यायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. घरातही मऊ तळव्याची चप्पल घालू द्या.

आता तुमची गोष्ट. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची टाच खो-खो, कबड्डी खेळून दुखते, ते दुखणं बहुधा वेगळं असतं. टाचेच्या हाडाचा मागचा भाग अजून वाढत असतो. हाडं भराभर वाढतात, पोटरी मागे राहते आणि त्या कोवळ्या भागाला ओढ बसते. अमेरिकेतल्या डॉ. सेव्हर यांनी १९१२ मध्येच याचं वर्णन केलं होतं. काही दिवस धावणं-उड्या कमी केल्या, मऊ बूट घातले की बरं वाटतं. वाढ पूर्ण झाली की हे दुखणं संपतं.

पालकांनो, मूल लंगडत असेल तर "शाळा बुडवायची ढोंगं" म्हणू नका. सूज, ताप, रात्रीचं दुखणं असेल किंवा मार लागला असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि मुलांनो, उद्या सकाळी आईचं पहिलं पाऊल बघा बरं. ती स्वतः सांगणार नाही!