मुखवट्यांची क्रांती

'द ईस्ट' हा २०१३ सालचा अमेरिकी थरारपट. एका खासगी हेरसंस्थेची तरुणी खोटे नाव धारण करून उग्र पर्यावरणवाद्यांच्या गुप्त टोळीत शिरते. या टोळीचा पराक्रम काय? एका औषध कंपनीच्या मेजवानीत तिचेच घातक औषध मद्यात मिसळून तिच्या अधिकाऱ्यांना पाजायचे! नायिका शेवटी टोळीचा मार्ग सोडते खरी. परंतु तोवर कंपनीच्या पापाच्या आडून प्रेक्षकाची सहानुभूती विषप्रयोगाकडे वळवून झालेली असते.

हा केवळ पडद्यावरचा खेळ नव्हे. ब्रिटनमध्ये मार्क केनेडी हा पोलीस 'मार्क स्टोन' बनून २००३ पासून सात वर्षे पर्यावरण आंदोलकांत वावरला. आंदोलनातील स्त्रियांशी त्याने खोट्या नावाने संबंध ठेवले. २०१० मध्ये त्याचे बिंग फुटले आणि २०११ मध्ये रॅटक्लिफ वीजकेंद्राच्या आंदोलकांवरील खटला कोसळला. लोकशाहीचे धडे जगाला देणाऱ्यांच्या घरची ही स्थिती! आंदोलक मुखवटा घालतो, मग शासनही घालते. आणि मूळ प्रश्न कोणाच्याच लक्षात राहत नाही.

महाराष्ट्राला हे अनुकरण कशाला हवे? मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ च्या रामनवमीला मावळे उभे राहिले. पुढे १९२४ मध्ये सेनापती बापटांनी सशस्त्र होऊन रेल्वे अडवली. त्या कृतीविषयी तेव्हाही मतभेद होते, आजही असू शकतील. धरण तर झालेच. परंतु सेनापतींनी नाव लपविले नाही, दुसऱ्याला पुढे केले नाही. सात वर्षांची शिक्षा स्वतःच्या अंगावर घेतली.

परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या शिवारात उभे राहून हा विषय पाहिला, की त्याचे गांभीर्य कळते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने मराठवाडा-विदर्भातील कापूस पोखरला. बीटी बियाण्याला ही अळी जुमानत नव्हती. त्या शेतकऱ्याचा संताप परदेशी पैशावर पोसलेला नव्हता. तो त्याच्या कर्जाच्या वहीत नोंदलेला होता. मात्र पर्यावरणाच्या नावावर बाहेरचा निधी घेणाऱ्या संस्था त्याच्या दुःखाचे भांडवल करतात, आणि मग कंपन्यांच्या हितचिंतकांना प्रत्येक तक्रारीवर 'परकीय कारस्थान' असा शिक्का मारण्याची आयती संधी मिळते. केंद्राने २०१५ मध्ये ग्रीनपीस इंडियाची परदेशी निधीची नोंदणी रद्द केली, ते योग्यच झाले. पण त्यामुळे बोंडअळी मेली नाही, हेही शासनाने ध्यानात ठेवावे.

जुलै २०१४ मध्ये भारतीय किसान संघ आणि स्वदेशी जागरण मंचाच्या प्रतिनिधींनी तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांना भेटून जनुकीय पिकांच्या चाचण्यांना विरोध नोंदविला. सत्तेवर आपल्याच विचारांचे सरकार असताना! कोणाच्या पेल्यात काही मिसळावे लागले नाही, की कोणाला खोटे नाव घ्यावे लागले नाही. ताडकळसच्या शेतकऱ्याच्या नावाने बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेने आधी ग्रामसभेत यावे, आपली जमाखर्चाची वही उघडावी. आणि बियाणे विकणाऱ्या कंपनीनेही आपली वही घेऊन त्याच सतरंजीवर बसावे.